फोल्डराच्या पोटातील फोल्डर

गेल्या जूनच्या सुट्टीत आमच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या समितीपुढे एक साधा प्रश्न आला. वर्गाचे जुने ई-मेल खाते महिनाअखेर बंद करावयाचे, की आणखी एका वर्षाचे भाडे भरावयाचे? भाडे फार नव्हते, पण वर्ग वर्गणीवर चालतो आणि खडूपेन्सिलींचाही हिशेब द्यावा लागतो. खजिनदारांनी फोनवर खाते उघडून सर्वांना दाखविले. आलेली पत्रे, पाठविलेली पत्रे, मसुदे आणि कचरा, असे चारच फोल्डर. चारांतही बहुतेक जाहिरातीच. "यात ठेवण्यासारखे आहे काय?" खजिनदार म्हणाले. ठराव मंजूर होण्याच्या बेतात होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून मावशींनी विचारले, "आणि आजीआजोबांची पत्रे?"

वाचकहो, ही पत्रे काय आहेत ते आधी सांगितले पाहिजे. सिंगापूरच्या शाळांत तमिळ ही राजभाषा म्हणून शिकवतात. तिच्याशिवाय हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू या पाच भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. मराठी त्यांत नाही. आमची मुले बहुधा हिंदी घेतात, आणि मराठी उरते ती रविवारच्या दोन तासांपुरती. त्या दोन तासांत मुलाने काही लिहिले तर ते बाईंसाठी लिहितो, गुण मिळतात म्हणून लिहितो. म्हणून मावशींनी २००९ साली एक प्रघात घातला. प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा आपल्या हाताने आजीला किंवा आजोबांना पत्र लिहावयाचे, त्याचे छायाचित्र वर्गाच्या खात्यावरून भारतात जावयाचे, आणि उत्तर यावयाचे तेही त्याच खात्यावर. कोणी आजोबा मोडीच्या वळणाचे अक्षर कागदावर काढून नातवाकडून त्याचा फोटो पाठवीत. कोणाची आजी शेजारच्या मुलीला सांगून टाइप करवून घेई. २०१९ पर्यंत हे चालले. पुढे साथ आली, वर्ग पडद्यावर गेला, आणि प्रघात मोडला. त्या आजीआजोबांपैकी कितीतरी आज हयात नाहीत.

"मी स्वतः ठेवली आहेत," मावशी म्हणाल्या. "'मराठी वर्ग' म्हणून एक फोल्डर. त्यात साल, सालात इयत्ता, इयत्तेत मुलाचे नाव. डब्यात डबा ठेवावा तसे."

फोनवर 'मराठी वर्ग' नावाचे काहीच नव्हते. आणि त्याच क्षणी आमच्या पोटात गोळा आला, कारण आम्हांस एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी खात्यातील जागा भरत आली तेव्हा सफाई आम्हीच केली होती. ज्या जुन्या प्रोग्रॅमातून केली त्यात एका फोल्डराचे नाव अर्थ न लागणारे होते, रोमन अक्षरे, आकडे आणि खुणा यांची नुसती माळ. उघडून पाहिले तर आत एकही पत्र नाही. हा बिघाडाने झालेला कचरा असावा असे समजून आम्ही तो काढून टाकला होता. समितीसमोर हे कबूल करणे सोपे नव्हते. केले. मावशी काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा जड होते.

ठराव आठ दिवस पुढे ढकलला गेला.

आमचा एक माजी विद्यार्थी सध्या राष्ट्रीय सेवेत आहे. शनिवारी छावणीतून सुटला की घरी जेवतो, झोपतो, आणि मग संगणकाशी बसतो. त्याला सारे सांगितले. तो म्हणाला, "सर, फोनवर दिसते ती यादी म्हणजे सगळे फोल्डर नव्हेत. आधी सगळे मागून तर पाहू." त्याने दोन संध्याकाळी बसून एक लहानशी आज्ञावली लिहिली. तिचे काम एकच, खात्यातील सर्व फोल्डर, त्यांच्या पोटातील फोल्डर आणि त्यांच्याही पोटातील फोल्डर यांची यादी झाडासारखी काढून दाखविणे. दुसरे काही ती करीत नाही. पत्र वाचीत नाही, हलवीत नाही, पुसत नाही. तिचे मराठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. प्रायश्चित्त म्हणा हवे तर.

लिहावयाचे म्हणजे आधी समजून घ्यावे लागते. आम्हांस जे समजले ते असे.

ई-मेलची पत्रे आपल्या फोनमध्ये राहत नाहीत. ती दूरच्या सर्व्हरवर असतात आणि फोन तेथे जाऊन विचारणा करतो. या विचारण्याची ठरलेली भाषा आहे तिला आयमॅप म्हणतात. मार्क क्रिस्पिन या अमेरिकन तज्ज्ञाने १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ती रचली. २०१२ च्या डिसेंबरात ते वारले, भाषा मात्र आजही जगभर चालते. तिच्यात 'लिस्ट' नावाची एक आज्ञा आहे. कोठून सुरुवात करावयाची आणि कोणती नावे हवीत, या दोन गोष्टी तिला सांगावयाच्या. नावांच्या जागी * ही चांदणी दिली तर सर्व्हर सर्व पातळ्यांवरील नावे सांगतो. % ही टक्क्याची खूण दिली तर एकच पातळी, म्हणजे फक्त बाहेरचे डबे. दोन खुणांत फरक एवढाच, पण एका खुणेने घर दिसते आणि दुसरीने घराचा नुसता दरवाजा.

याच भाषेत 'एलसब' नावाची दुसरी एक आज्ञा आहे, आणि आमचा घोळ तिच्यात होता. आयमॅपमध्ये प्रत्येक फोल्डरावर 'हा मला दाखवीत जा' अशी एक खूण ठेवता येते. तिला सबस्क्राइब करणे म्हणतात. एलसब फक्त खूण केलेले फोल्डर सांगते. नवा फोल्डर तयार केला म्हणजे खूण आपोआप पडते असे नाही, ती वेगळ्या आज्ञेने पाडावी लागते. पुष्कळ प्रोग्रॅम ती न सांगता पाडतात, म्हणून आपल्याला तिचा पत्ताही नसतो. थंडरबर्ड हा मोफत मिळणारा प्रसिद्ध प्रोग्रॅम तर मुळातच फक्त खूण केलेले फोल्डर दाखवितो, सर्व पाहावयाचे असल्यास आत जाऊन तो पर्याय काढावा लागतो. आमचे खाते मध्यंतरी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविले होते. पत्रे आली, फोल्डर आले, खुणा मागेच राहिल्या.

म्हणजे फोन खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे विचारले तेवढे त्याने सांगितले. एवढेच की, ही यादी अपुरी आहे असे त्याने कोठेही म्हटले नव्हते.

आता त्या अर्थहीन नावाचे. आयमॅप जन्मली तेव्हा नावे रोमन अक्षरांतच असणार असे धरलेले होते. पुढे इतर लिप्यांची नावे आली तेव्हा त्यांस रोमन वेशात पाठविण्याची एक युक्ती काढली गेली. तिला सुधारित यूटीएफ-७ म्हणतात. आरंभी & ही खूण, शेवटी एक आडवी रेघ, मध्ये रोमन अक्षरे व आकडे. त्या माळेत / ही तिरकी रेघ येऊ देत नाहीत, कारण अनेक सर्व्हरांवर तिचा अर्थ 'याच्या पोटात' असा होतो. म्हणून तिच्या जागी स्वल्पविराम घालतात. आमच्या विद्यार्थ्याने 'मराठी' हा शब्द घेऊन कागदावर मांडून दाखविला. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, अशा संगणकाच्या लेखी पाच खुणा, आणि त्यांची झालेली माळ सोळा अक्षरांची. & नंतर सी, एस, चार, जे असे काहीतरी. चांगला प्रोग्रॅम ही माळ उलगडून 'मराठी' असे दाखवितो. आमच्या जुन्या प्रोग्रॅमाने ती तशीच दाखविली, आणि आम्ही मराठी शिकविणाऱ्या माणसांनी 'मराठी' हे नाव कचरा म्हणून पुसले.

या मांडणीत एक गंमत सापडली ती येथे नोंदवून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल. संगणकाच्या क्रमात देवनागरीची सर्व अक्षरे एकाच वस्तीत राहतात. त्यामुळे देवनागरीत सुरू होणारे कोणतेही नाव या रोमन वेशात & आणि मोठी सी यांनीच सुरू होते. फोल्डरांच्या यादीत अशी माळ दिसली तर हात आवरावा.

पुसलेल्या फोल्डराचे काय झाले? आम्ही धास्तावून हाच प्रश्न विचारला. आयमॅपच्या २००३ सालच्या नियमपत्रात, ज्याचा क्रमांक ३५०१, एक कलम आहे. फोल्डर काढून टाकण्याच्या आज्ञेने त्याच्या पोटातील फोल्डर काढता कामा नयेत. बाप गेला तरी मुले राहावीत. बापाचे नुसते नाव यादीत राहते आणि त्यावर शिक्का बसतो की हे उघडता येणार नाही. काही प्रोग्रॅम आपण होऊन एकेक पोटफोल्डर वेचून पुसतात, त्यांच्यापासून हे कलम वाचवू शकत नाही. आम्ही वापरलेला प्रोग्रॅम तेवढा हुशार नव्हता. जुन्या वस्तूचे असेही उपकार असतात.

त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतील दगडी टेबलावर, बुद्धिबळाचा पट कोरलेला असतो त्यावर, लॅपटॉप ठेवून विद्यार्थ्याने आज्ञावली चालविली. मावशी शेजारी होत्या. आधी इन्बॉक्स वगैरे ओळखीची नावे आली. मग 'मराठी वर्ग', पुढे 'उघडता येत नाही' असा शिक्का. मग त्याखाली एक पायरी आत '२००९'. आणखी एक पायरी आत इयत्ता, आणखी आत मुलांची नावे. पडदा वर सरकत राहिला. एकूण १८४ नावे. मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "२०१४ वर थांब रे जरा."

तेथे थांबलो. कोणाचे पत्र पाहिले ते लिहीत नाही.

एक कोडे मात्र होते. प्रत्येक सालात 'इ' नावाचा एकाक्षरी फोल्डर, आणि त्याच्या पोटात '३ री', '४ थी'. मावशी म्हणाल्या, असले काही मी केलेले नाही, मी 'इ.३ री' असे नाव दिले होते. उलगडा असा झाला. एक फोल्डर दुसऱ्याच्या पोटात आहे हे दाखविण्यासाठी दोन नावांमध्ये एक खूण घालतात आणि ती प्रत्येक सर्व्हरची आपापली असते, कोठे तिरकी रेघ, कोठे टिंब. आमच्या सर्व्हरची टिंब होती. मावशींनी 'इयत्ता'चे संक्षिप्त रूप म्हणून टिंब दिले, सर्व्हरला वाटले की 'इ'च्या पोटात '३ री' घालावयास सांगतात. अकरा वर्षे तो बिचारा सांगितल्याप्रमाणे करीत होता.

आता माहितीपत्रकाकडे येतो, कारण खरे काम तेथे होते. आज्ञावली साठसत्तर ओळींची आहे. पायथन या संगणकभाषेत आयमॅपशी बोलण्याची एक तयार जोडणी आहे, सिडनी विद्यापीठातील पियर्स लॉडर यांनी १९९७ साली लिहिलेली, तिच्यावर ती उभी आहे. ती जोडणी नावे जशी येतात तशीच हाती देते, माळ उलगडणे आणि पायऱ्या पाडणे एवढे आमच्या विद्यार्थ्याने केले. माहितीपत्रक मात्र पाच वेळा लिहावे लागले.

पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिले होते, "तारांकन टंकित करा." मावशींनी कागद हातात घेतला आणि कळफलकावर बराच वेळ शोधले. मग आमच्याकडे पाहिले. दुसऱ्या मसुद्यात "शिफ्ट दाबून धरा आणि आठाच्या डोक्यावरची चांदणी दाबा" असे झाले. विद्यार्थ्याला 'उपफोल्डर' शब्द हवा होता. मावशींनी तो एका झटक्यात खोडला. पोटकलम म्हणता, पोटनियम म्हणता, पोटभाडेकरू म्हणता, मग पोटफोल्डर म्हणावयास काय हरकत आहे? हरकत नव्हती. 'सबस्क्राइब'ला मात्र शब्द मिळाला नाही. 'वर्गणी' म्हटले की आमची मंडळी खिशात हात घालतात. शेवटी 'दाखवण्याची खूण' असे उलगडून लिहिले आणि पुढे चाललो.

आम्ही शिक्षक-प्रशिक्षण घेत होतो तेव्हा पाठाचे टाचण काढावयास शिकविले होते. उद्दिष्ट, साहित्य, प्रश्न, फळ्यावरचे काम. टाचण तपासणाऱ्या बाई प्रत्येक पानावर तांबड्या शाईने एकच विचारीत, "मुले अडखळतील कोठे?" तो रकाना छापील नमुन्यात नव्हता, त्या तो हाताने आखावयास लावीत. तेव्हा कंटाळा येई. पाचव्या मसुद्यावर आम्ही तो रकाना पुन्हा आखला, कारण चौथ्या मसुद्यात एक उणीव राहिली होती. आज्ञावली काय दाखविते ते सर्व लिहिले होते. काय दाखवीत नाही ते लिहिले नव्हते. आणि आमची पत्रे हरवली होती ती नेमकी त्याच कारणाने, एक यादी आपण अपुरी आहोत हे न सांगता समोर आली म्हणून.

या बाबतीत जुन्या मंडळींचे एक उदाहरण आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडविली. तिच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तीत एकेका आज्ञेला आपले पान असून नाव, वापरण्याची रीत, वर्णन असे ठराविक मथळे आहेत. त्यांतच 'बग्ज' हा मथळा आहे, म्हणजे या आज्ञेतील दोष. ज्यांनी वस्तू घडविली त्यांनीच तिच्या पानावर तिची खोड लिहून ठेवली. एखाद्या भांडेवाल्याने कढईवर चिठ्ठी लावावी की हिचा उजवा कान तापतो, तसे हे आहे. आपल्याकडे माहितीपत्रक म्हणजे जाहिरातीचा धाकटा भाऊ, अशी समजूत असल्याने हे चटकन पचत नाही. आमच्या समितीतही एकाने विचारले की, दोष आपणच छापले तर कोण वापरील?

तरी छापले. पाचव्या मसुद्यात मागच्या पानावर मथळा आहे, "या यादीत काय दिसत नाही". त्याखाली लिहिले आहे की, यादी फक्त नावांची आहे, आत किती पत्रे आहेत ते ती सांगत नाही, त्यासाठी प्रत्येक फोल्डराला वेगळे विचारावे लागते. जे फोल्डर पाहण्याची परवानगी या खात्याला नाही ते येणार नाहीत. 'उघडता येत नाही' असा शिक्का असलेला फोल्डर रिकामा समजू नये, त्याच्या पोटात पाहावे. ज्या फोल्डराला पोटफोल्डर नव्हते आणि जो पुसला गेला, तो गेला, त्याला वरचे कलम लागू नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना हात जड झाला, कारण सफाईच्या त्या दिवशी आम्ही आणखी एक फोल्डर काढला होता असे अंधुक आठवते आणि २०११ सालच्या यादीत एका इयत्तेची जागा मोकळी आहे.

क्रमाचाही एक दोष लिहावा लागला आणि तो लिहिताना आमच्यातला मास्तर जागा झाला. सर्व्हर नावे कोणत्याही क्रमाने सांगू शकतो, म्हणून आज्ञावली ती स्वतः लावून घेते. पण संगणकाच्या सरळ क्रमात ळ हे अक्षर ल नंतर लगेच येते आणि ह पुष्कळ पुढे. आपल्या वर्णमालेत मुले म्हणतात ती ह, ळ, क्ष, ज्ञ. त्यामुळे शारदा, शाहीर, शाळा असा जो क्रम आपल्याला अपेक्षित, तो शारदा, शाळा, शाहीर असा येतो. कारण शोधले तर असे निघाले की, युनिकोडमध्ये १९९१ साली देवनागरी आली ती भारताच्या १९८८ सालच्या इस्की मानकाची मांडणी घेऊन, आणि ती मांडणी सर्व भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसविण्यासाठी केलेली होती. मराठीसाठी वेगळा क्रम लावण्याची सोय आज उपलब्ध आहे, ती जोडणे बाकी आहे. आकड्यांचे आणखी वेगळे. इंग्रजी आकड्यांत लिहिलेली साले सर्वांच्या आधी येतात, देवनागरी आकड्यांतील साले ह नंतर शेवटी. मावशींनी २०१३ पर्यंत देवनागरी आकडे वापरले, पुढे फोनचा कळफलक बदलला म्हणून इंग्रजी. तेव्हा आमच्या झाडात २०१४ हे साल २००९ च्या आधी उगवते.

आणि ऱ्याचा घोळ तर विचारू नका. 'सुट्ट्यांतील दौऱ्याची पत्रे' या नावाचे दोन फोल्डर निघाले, डोळ्यांना तंतोतंत सारखे. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो आणि संगणकाला त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा दिसतात. एकात सात पत्रे होती, दुसऱ्यात दोन.

हे सारे करताना आम्हांस सिंगापूरचाच एक शिक्षक आठवत होता. ना. गोविंदसामी हे तमिळ लेखक येथील राष्ट्रीय शिक्षण संस्थेत शिक्षकांना शिकवीत. संगणकावर तमिळ उमटावी म्हणून त्यांनी कळफलक आणि अक्षरसंच घडविला, आणि सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठातील तान तिन वी यांच्या बरोबरीने इंटरनेटवर तमिळ आणली. १९९५ साली सिंगापूरच्या चारही राजभाषांतील कवितांचे संकेतस्थळ निघाले, त्यात तमिळ पाने होती. १९९७ साली येथेच तमिळनेट ही परिषद भरली. पत्ते आणि नावे आपल्या लिपीत लिहिता आली पाहिजेत हा आग्रह त्या काळी फारच थोड्यांचा होता. गोविंदसामी १९९९ साली वारले. त्या वेळी येथे घरोघरी इंटरनेट पोहोचून पाच वर्षेही झाली नव्हती, कारण सिंगनेट ही पहिली व्यापारी सेवा १९९४ ची. आज तमिळ मुलाच्या फोल्डराचे नाव तमिळमध्ये नीट दिसते त्यामागे अशा माणसांची रात्रपाळी आहे. आपल्यालाही तिचा लाभ मिळाला, मराठी म्हणून वेगळी वर्गणी भरावी लागली नाही.

आता आयमॅपचीही सुधारणा झाली आहे. २०२१ साली निघालेल्या नव्या नियमपत्रात, क्रमांक ९०५१, फोल्डरांची नावे त्या माळेच्या वेशाशिवाय सरळ पाठविण्याची सोय आहे. सगळे सर्व्हर ती पाळू लागले नाहीत. आमचा तर नाहीच.

खाते एक वर्ष राहू द्यावे असे समितीने एकमताने ठरविले. पत्रे उतरवून घेण्याचे काम चालू आहे, तीनशेच्या वर आहेत आणि कित्येकांची छायाचित्रे बाजूला वळलेली आहेत. २०१२ साली इयत्ता चौथीत असलेला एक मुलगा, आता नोकरीला लागला आहे, परवा येऊन आपल्या आजोबांचे उत्तर कागदावर छापून घेऊन गेला. त्याला ते वाचताना एका शब्दावर अडले. 'चिरंजीव' हा शब्द त्या पत्रात 'चि.' असा लिहिला होता. ते टिंब पाहून आम्ही आणि मावशी एकमेकांकडे पाहून हसलो, त्याला कारण कळले नाही.

ज्या मंडळींच्या संस्थेचे, देवळाचे किंवा घरचे जुने ई-मेल खाते बंद करावयाचे असेल त्यांनी त्याआधी रविवारी वर्ग सुटल्यावर यावे. माहितीपत्रकाच्या प्रती ठेवल्या आहेत, आज्ञावली विद्यार्थी फुकट देतो. खात्याचा परवलीचा शब्द आम्हांस सांगू नये, तो आपण स्वतः टाइप करावा, हेही पत्रकात लिहिले आहे. मागच्या पानावर "या यादीत काय दिसत नाही" या मथळ्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, वापरताना जे नवे आढळेल ते लिहिण्यासाठी. आमच्या प्रतीवर पहिली ओळ मावशींनी भरली आहे. पेनाने, ठळक अक्षरात: "२०११, इ. ३ री. कोणाकडे असल्यास आणून द्यावे."